रॉबर्ट फिट्झरॉय बेल आणि एडिंबरो विद्यापीठातील विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ

१. विषयप्रवेश

विद्यापीठांच्या इतिहासात विद्यार्थ्याचे स्थान फार विलक्षण आहे. संस्था त्याच्यासाठी असते. परंतु संस्थेच्या इतिहासात तो क्वचितच दिसतो. सनदा, इमारती, देणग्या, प्राध्यापकांच्या नेमणुका यांनी इतिहासाची पाने भरलेली असतात आणि विद्यार्थ्याचा उल्लेख यायचाच झाला तर तो बहुधा एखाद्या दंग्याच्या निमित्ताने येतो. एडिंबरो विद्यापीठाची गोष्टही १८८४ पर्यंत याहून वेगळी नव्हती. त्या वर्षी रॉबर्ट फिट्झरॉय बेल या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन तेथे विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाची स्थापना केली. पुढे अवघ्या पाच वर्षांत ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यात त्या मंडळाला स्थान मिळाले. विद्यार्थ्यांनी आपण होऊन उभारलेल्या संस्थेला इतक्या अल्पावधीत कायद्याची मान्यता मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे कसे घडले, त्यातून विद्यार्थ्यांच्या पदरात नेमके काय पडले आणि काय पडले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. या इतिहासातील काही धागे मुंबई विद्यापीठापर्यंत येऊन पोचतात. त्यांचीही योग्य स्थळी दखल घेतली आहे.

२. पूर्वस्थिती

एडिंबरो विद्यापीठ हे मूळचे नगराचे कॉलेज. १५८२ च्या राजसनदेनुसार नगरपरिषदेने ते स्थापिले व १५८३ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. पुढील पावणेतीनशे वर्षे नगरपरिषदच त्याची धनी होती. प्राध्यापक आणि नगरपरिषद यांचा अधिकारावरून चाललेला झगडा हाच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या विद्यापीठाच्या कारभाराचा मुख्य विषय होय. या झगड्यात विद्यार्थी कोठेच नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजप्रमाणे तेथे निवासी कॉलेजे नव्हती. विद्यार्थी शुल्क भरून नाव नोंदवीत, व्याख्याने ऐकत आणि शहरातील भाड्याच्या खोल्यांत राहत. व्याख्यानगृहाबाहेर त्यांना एकत्र आणणारे काही असेल तर ते म्हणजे वादविवाद सभांसारखी लहान लहान मंडळे आणि अधूनमधून होणारा दंगा.

अशा दंग्यांपैकी जानेवारी १८३८ मधील बर्फाच्या गोळ्यांचा दंगा प्रसिद्ध आहे. रस्त्यावरील लोक आणि विद्यार्थी यांच्यात बर्फाच्या गोळ्यांनी सुरू झालेली चकमक इतकी वाढली की नगराच्या दंडाधिकाऱ्यांना किल्ल्यातून सैनिकांची तुकडी बोलवावी लागली. काही विद्यार्थ्यांवर खटले झाले. ते निर्दोष सुटले. या प्रसंगात गमतीचा भाग पुष्कळ असला तरी त्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नगर, पोलीस आणि प्राध्यापक या तिघांपैकी कोणालाही विद्यार्थ्यांच्या वतीने बोलू शकेल असा माणूस सापडत नव्हता, कारण तसा माणूस अस्तित्वातच नव्हता. ज्या समुदायाला मुख नाही त्याच्याशी एकतर मूकपणे वागावे लागते, नाहीतर बळाने.

१८५८ च्या स्कॉटिश विद्यापीठविषयक कायद्याने ही घडी बदलली. नगरपरिषदेचे वर्चस्व संपले. अध्यापन व शिस्त प्राध्यापकांच्या सेनेटकडे राहिली; पदवीधरांची जनरल कौन्सिल निर्माण झाली; आणि या सर्वांवर देखरेख करणारे ‘युनिव्हर्सिटी कोर्ट’ अस्तित्वात आले. हे कोर्ट म्हणजे न्यायसभा नव्हे, तर नियामक सभा होय. एडिंबरोच्या कोर्टात आठ सभासद असत आणि अध्यक्षस्थानी रेक्टर असे. हा रेक्टर निवडण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत विद्यार्थ्यांना दिला. ग्लासगो व ॲबर्डीन येथे ही प्रथा जुनी होती; एडिंबरोला ती नवी होती. १८५९ मध्ये विद्यार्थ्यांनी ग्लॅडस्टनला पहिला रेक्टर म्हणून निवडले व १८६५ मध्ये टॉमस कार्लाइलला.

कागदावर पाहता हा अधिकार मोठाच होता. परंतु व्यवहारात निवडून येणारा रेक्टर हा बहुधा लंडनमधील राजकारणी पुरुष असे. निवडणूक लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह या पक्षभेदावर लढविली जाई आणि तिच्यात पिठाच्या पुड्यांची फेकाफेक मतांइतकीच महत्त्वाची मानली जाई. विजयी रेक्टर एकदा येऊन भाषण करी आणि निघून जाई. सारांश, विद्यार्थ्यांना आपला अध्यक्ष निवडता येत होता. परंतु वर्गाची वेळ, ग्रंथालयाची सोय, परीक्षेची पद्धत यांविषयी आपले म्हणणे मांडता येत नव्हते. अधिकार होता, पण तो वापरण्याचा मार्ग नव्हता. बेलच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी ही विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे.

३. मंडळाची स्थापना

बेल हा कायद्याचा विद्यार्थी. पुढे तो ॲडव्होकेट झाला. शिक्षणाच्या काळात त्याला स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठ पाहण्याचा योग आला. १८७० च्या युद्धानंतर जर्मन साम्राज्यात गेलेल्या या नगरात १८७२ मध्ये विद्यापीठाची नव्याने स्थापना झाली होती. तेथे विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गटांचे प्रतिनिधी एका समितीत एकत्र येत आणि ती समिती विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी विद्यार्थ्यांच्या वतीने व्यवहार करी. ही व्यवस्था बेलच्या मनात भरली. एडिंबरोला परतल्यावर त्याने सहाध्यायांना एकत्र केले आणि १८८४ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ उभे राहिले.

वेळ अनुकूल होती. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात विद्यापीठाचा तीनशेवा वर्धापनोत्सव व्हावयाचा होता. पाश्चर, हेल्महोल्ट्झ, व्हिर्शो, सुएझ कालव्याचा कर्ता दे लेसेप्स, कवी ब्राउनिंग अशी मंडळी पाहुणी म्हणून येणार होती. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समुदाय या समारंभात कसा वागेल, याची अधिकाऱ्यांना चिंता वाटणे स्वाभाविक होते. रेक्टरच्या भाषणाच्या वेळी होणारा गोंधळ सर्वांच्या परिचयाचा होता. उत्सवातील विद्यार्थ्यांच्या सहभागाची व्यवस्था नव्या मंडळाने पाहिली. विद्यार्थ्यांनी पाहुण्यांच्या सत्कारार्थ भरविलेल्या सभेत पाश्चरसारख्या शास्त्रज्ञाने तरुणांना उद्देशून भाषण केले. जो समुदाय उपद्रवी ठरण्याचे भय होते तोच यजमान म्हणून उभा राहिला. मंडळाच्या उपयुक्ततेचा याहून चांगला पुरावा अधिकाऱ्यांना हवा नव्हता.

तथापि मंडळाचे खरे सामर्थ्य उत्सवात नव्हते. ते त्याने स्वतःपुढे ठेवलेल्या उद्दिष्टांच्या मर्यादित आणि स्पष्ट मांडणीत होते. ही उद्दिष्टे तीन होती: विद्यार्थ्यांच्या हितसंबंधांच्या बाबतीत त्यांचे प्रतिनिधित्व करणे, विद्यार्थी आणि विद्यापीठाचे अधिकारी यांच्यामधील दळणवळणाचे मान्यताप्राप्त साधन होणे, आणि विद्यार्थ्यांच्या सामाजिक जीवनास व विद्याविषयक ऐक्यास चालना देणे. यात कोठेही प्राध्यापकांच्या अधिकाराला आव्हान नाही, सत्तेत वाटा मागितलेला नाही. मागणी आहे ती ‘मान्यताप्राप्त साधना’ची. येथे बेलमधील कायदेपंडित दिसून येतो. गाऱ्हाणे खरे असणे पुरेसे नसते. ते कोणापुढे, कोणाच्या वतीने आणि कोणत्या रीतीने मांडावयाचे हे ठरलेले असावे लागते, हे त्याने ओळखले होते.

४. मुंबईहून आलेला प्रिन्सिपल

मंडळ स्थापन झाले त्या वेळी एडिंबरोच्या प्रिन्सिपलच्या पदावर सर अलेक्झांडर ग्रँट होते. महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक म्हणून कीर्ती मिळविलेले ग्रँट १८६० च्या सुमारास मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात आले, १८६२ मध्ये तेथील प्रिन्सिपल झाले, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि मुंबई इलाख्याचे शिक्षणाधिकारी झाले व १८६८ मध्ये एडिंबरोला गेले. महादेव गोविंद रानडे हे त्यांचे विद्यार्थी. रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. विद्यार्थिदशेत रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका केली. ग्रँट त्यांच्या बुद्धीचे चाहते होते. तरीही ज्या सरकारच्या खर्चाने आपण शिकतो त्याची निंदा करू नये, अशी समज देऊन त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली.

या हकीकतीत ग्रँटना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. रानड्यांनीही त्यांच्याविषयीचा आदर सोडला नाही. परंतु दोन संस्थांच्या रचनेतील भेद तिच्यामुळे उठून दिसतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य. विद्यार्थी हा त्याचा परीक्षार्थी होता, घटक नव्हता. आणि कॉलेजात तो सरकारी शिष्यवृत्तीचा आश्रित होता. एडिंबरोत नाव नोंदविणारा विद्यार्थी १८५८ पासून विद्यापीठाचा मतदार होता. एकच गृहस्थ एका ठिकाणी विद्यार्थ्याच्या निबंधाबद्दल त्याला दंड करतो आणि दुसऱ्या ठिकाणी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा उदय पाहतो. येथे माणूस बदलला असे म्हणण्यापेक्षा त्याच्यापुढील विद्यार्थ्याचा दर्जा निराळा होता, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. नोव्हेंबर १८८४ मध्ये, उत्सवानंतर थोड्याच महिन्यांनी, ग्रँट मृत्यू पावले.

त्यांच्यानंतर सर विल्यम म्यूर हे प्रिन्सिपल झाले. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून काम केलेले तेही हिंदुस्थानातील प्रशासकच. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभी रानड्यांच्या प्रसंगाची आठवण करून देणारी दुसरी घटना घडली. तत्कालीन रेक्टर सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी १८५७ च्या उठावापूर्वीचा व नंतरचा हिंदुस्थान या विषयावर निबंधासाठी पारितोषिक जाहीर केले होते. बंगालमधून रसायनशास्त्र शिकण्यासाठी आलेल्या प्रफुल्लचंद्र राय यांनी स्पर्धेत भाग घेऊन ब्रिटिश राज्यकारभारावर कठोर टीका करणारा निबंध लिहिला. पारितोषिक त्यांना मिळाले नाही. पण गुणवत्तेने त्याच्या निकट पोचलेल्या निबंधांत त्याची गणना झाली. रायांनी तो छापून प्रसिद्ध केला आणि त्यामुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला नाही; १८८७ मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. एल्फिन्स्टनमधील निबंध आणि एडिंबरोतील निबंध यांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. परंतु काळाच्या अंतरापेक्षा स्थानाचे अंतर अधिक बोलके आहे. साम्राज्याच्या राजधानीकडील प्रजाजनास जे बोलण्याची मोकळीक होती ती साम्राज्याच्या वसाहतीत नव्हती.

५. गाऱ्हाण्यापासून कायद्यापर्यंत

मंडळाने हाती घेतलेले पहिले मोठे कार्य म्हणजे विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वास्तू उभारणे. भाड्याच्या खोल्यांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांना भेटण्यास, वाचण्यास, जेवण्यास एक जागा असावी, ही त्यामागील कल्पना. निधीसाठी १८८६ मध्ये एडिंबरोत मोठा बाजार भरविण्यात आला. त्या निमित्ताने काढलेल्या ‘न्यू ॲम्फियन’ या पुस्तकासाठी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने आपल्या विद्यार्थिदशेच्या आठवणी लिहून दिल्या. सिडनी मिचेल या वास्तुशिल्पकाराने आराखडा केलेली युनियनची इमारत १८८९ मध्ये खुली झाली. याच सुमारास, १८८७ मध्ये, पॅट्रिक गेडिस यांनी एडिंबरोत विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवावयाचे वसतिगृह सुरू केले. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांचे सामुदायिक जीवन हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार त्या दशकात एडिंबरोच्या वातावरणात होता, असे यावरून दिसते.

इमारतीहून टिकाऊ असे जे यश, ते कायद्यात मिळाले. स्कॉटिश विद्यापीठांच्या सुधारणेचा प्रश्न अनेक वर्षे पार्लमेंटपुढे रेंगाळत होता. दरम्यान ॲबर्डीन, सेंट अँड्र्यूज व ग्लासगो येथेही दोन-तीन वर्षांच्या आत एडिंबरोच्या नमुन्यावर मंडळे निघाली. त्यामुळे कायदा करण्याची वेळ आली तेव्हा विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व ही एका विद्यापीठातील हौस राहिली नव्हती. ती चारही विद्यापीठांतील वस्तुस्थिती झाली होती. १८८९ च्या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांना जी कामे सांगितली त्यांत प्रत्येक विद्यापीठातील विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाची घटना व कार्ये ठरविणे हेही एक होते. शिवाय रेक्टर कोर्टावर आपला जो एक सभासद नेमतो, तो नेमण्यापूर्वी त्याने मंडळाशी विचारविनिमय करावा, अशी मुभा कायद्यात ठेवण्यात आली.

आयुक्तांनी पुढे केलेल्या नियमांतील तरतुदी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. अध्यापन व शिस्त यांविषयी मंडळाला सेनेटकडे अर्ज करता येईल. सेनेटने त्या अर्जाचा निकाल करावा; अथवा मंडळाने तशी मागणी केल्यास, आपल्या अभिप्रायासह तो कोर्टाकडे पाठवावा. इतर बाबींविषयी मंडळाला थेट कोर्टाकडे अर्ज करता येईल. वरवर पाहता हा केवळ अर्ज करण्याचा अधिकार आहे, निर्णयाचा नव्हे. मात्र यातील मख्खी अशी की, अर्ज ज्याच्या विरुद्ध असेल त्याला तो फायलीत दाबून ठेवता येत नाही. प्राध्यापकांविषयीचे गाऱ्हाणे प्राध्यापकांच्याच सभेत संपत नाही. ते वर जाऊ शकते आणि तेथील अध्यक्ष हा विद्यार्थ्यांनीच निवडलेला असतो. १८५८ मध्ये निर्माण झालेला अधिकार आणि १८८४ मध्ये निर्माण झालेला मार्ग यांची सांगड येथे पडली.

६. मर्यादा

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडळ ज्या ‘विद्यार्थी’ वर्गाचे प्रतिनिधित्व करीत होते त्यात स्थापनेच्या वेळी एकही स्त्री नव्हती. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सहकारिणींनी वैद्यकाच्या अभ्यासासाठी एडिंबरोत प्रवेश मिळविला होता. परंतु नोव्हेंबर १८७० मध्ये सर्जन्स हॉलच्या दारात त्यांच्यावर चिखलफेक करून त्यांना अडविणाऱ्या जमावात विद्यार्थीच होते. शेवटी त्यांना पदवी नाकारण्यात आली. १८८९ च्या ज्या कायद्याने मंडळाला मान्यता दिली त्याच कायद्याच्या आधारे १८९२ मध्ये स्त्रियांना पदवीचा मार्ग खुला झाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. तरीही विद्यार्थ्यांच्या ऐक्यासाठी उभारलेल्या युनियनच्या इमारतीत स्त्रियांना सभासदत्व मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. दरम्यान १९०५ मध्ये त्यांना आपली वेगळी युनियन काढावी लागली. मुख मिळाले, पण ते अर्ध्या समुदायाचे.

दुसरी मर्यादा रेक्टरच्या पदातच होती. रेक्टर विद्यार्थ्यांनी निवडलेला. पण तो विद्यार्थ्यांचा वकील आहे की संस्थेचा अध्यक्ष, हे कायद्याने स्पष्ट केले नाही. जोपर्यंत रेक्टर येतच नव्हते तोपर्यंत हा प्रश्न निघाला नाही. १९६८ मध्ये तो उघड झाला. विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातून गर्भनिरोधक गोळ्या मिळाव्यात, ही विद्यार्थी मंडळाची भूमिका मांडण्यास तत्कालीन रेक्टर माल्कम मगरिज यांनी नकार दिला आणि पदाचा राजीनामा दिला. त्यानंतर विद्यार्थ्यांनी आपल्यातीलच माणूस निवडण्यास प्रारंभ केला: १९७१ मध्ये जोनाथन विल्स आणि १९७२ मध्ये गॉर्डन ब्राउन. ब्राउन यांनी कोर्टाचे अध्यक्षपद प्रत्यक्ष चालविले आणि त्यावरून विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. हेच ब्राउन २००७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. १९७३ मध्ये प्रतिनिधी मंडळ आणि युनियन यांचे एकीकरण होऊन विद्यार्थी संघ स्थापन झाला, आणि बेलने उभारलेल्या संस्थेचे स्वतंत्र आयुष्य एकोणनव्वद वर्षांनी संपले.

७. समारोप

बेलचे पुढील आयुष्य फारसे गाजले नाही. १८८८ मध्ये निघालेल्या ‘स्कॉट्स ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाला त्याने द्रव्यबळ दिले आणि अठराव्या शतकातील जॅकोबाइट उठावाशी संबंधित असलेल्या मरे ऑफ ब्रॉटन याच्या स्मृतिलेखांचे संपादन केले. १९०८ मध्ये त्याचे निधन झाले. तो क्रांतिकारक नव्हता. त्याची वृत्ती जुन्या परंपरा जपणाऱ्याची होती. विद्यार्थी चळवळीचा इतिहास लिहिताना अशी माणसे सहसा वगळली जातात, कारण त्यांच्या कार्यात नाट्य कमी असते. परंतु दंगा करणाऱ्या पिढ्या येऊन गेल्या आणि त्यांच्या मागे काही उरले नाही; अर्ज कोणी करावा व त्याला उत्तर कोणी द्यावे, हे ठरविणारी तरतूद मात्र उरली.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कायद्यांकडे या दृष्टीने पाहिले असता आपल्याकडील चर्चा बहुतांशी एकाच मुद्द्याभोवती फिरलेली दिसते, तो म्हणजे प्रतिनिधी निवडावा कसा. निवडणुकांतील हिंसाचाराचा अनुभव घेतल्यावर १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुकीऐवजी परीक्षेतील गुणांना प्राधान्य दिले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व पुन्हा स्वीकारले. हा वाद अनावश्यक आहे असे नाही. परंतु एडिंबरोचा इतिहास सांगतो की, निवडणूक असूनही विद्यार्थी मुके राहू शकतात. १८५९ ते १८८४ ही पंचवीस वर्षे ते तसे राहिले होते. निवडलेल्या प्रतिनिधीने उच्चारलेला शब्द कोणत्या सभेत पोचतो, तेथे त्याची नोंद होते काय, आणि त्याला उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे, हे प्रश्न निवडणुकीच्या पलीकडले आहेत. ज्याची शिष्यवृत्ती एका निबंधापायी बंद झाली त्या एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्याला मतपेटीची उणीव भासली नसेल. ज्याच्याकडे दाद मागावी असे वरचे दार मात्र त्याच्यासाठी नव्हते. बेलने आपल्या विद्यापीठात उघडले ते असे एक दार होते.